ओल आली म्हणून सिमेंट लावू नका : ब्रिटनमधली जुनी कामगार-घरं दुरुस्त करताना या चुका टाळा

भिंतीला ओल दिसली की गवंड्याचा हात पहिला सिमेंटकडे जातो. रांगेतल्या जुन्या कामगार-घरांचं सर्वांत जास्त नुकसान या एका सवयीनं केलंय.

यॉर्कशरमधलं सॉल्टेअर घ्या. टायटस सॉल्टनं १८५१ पासून आपल्या गिरणी-कामगारांसाठी वसवलेलं. किंवा डर्बिशरमधल्या क्रॉमफर्डची नॉर्थ स्ट्रीट, सूतगिरणीचा मालक रिचर्ड आर्कराइटनं १७७६-७७ मध्ये कामगारांसाठी बांधलेली. या भिंती दगडी, भरीव, आणि सांध्यांत चुना. पावसात अशी भिंत पाणी पिते, वारा लागला की सांध्यांतल्या मऊ चुन्यातून ते सोडून देते. सांधे सिमेंटनं भरले की ती वाटच बंद. मग पाणी दगडातून बाहेर पडू बघतं, थंडीत गोठून फुगतं, क्षार साठतात. अशी भिंत जवळून पाहा : सिमेंटच्या रेघा जाळीसारख्या पुढे आलेल्या, मधले दगड वाटीसारखे खोल गेलेले. बोट फिरवलं तर वाळू हाताला लागते. सांधा झिजला तर पुन्हा भरता येतो, झिजलेला दगड परत येत नाही. म्हणून सांधा दगडापेक्षा मऊच हवा.

जुनं सिमेंट काढायचं तर ग्राइंडर नको, दगडाच्या कडा कापल्या जातात. छिन्नी-हातोडीनं, सावकाश काढा. चुन्याचं काम कडाक्याच्या थंडीत हाती घेऊ नका.

आतून ओल दिसते म्हणून लगेच भिंतीत ओल अडवणारं रसायन टोचून घेण्याआधी एकदा भर पावसात बाहेर उभे राहा. पन्हाळ तुंबलीय का, पाइपातून पाणी भिंतीवर येतंय का, बाहेरची फरसबंदी थरावर थर चढून घरातल्या जमिनीपेक्षा उंच झालीय का? बऱ्याचदा दुखणं तिथेच सापडतं. बंद केलेल्या धुराड्याला हवा खेळायला झरोका ठेवा, नाहीतर आतून काळपट डाग उमटतात. प्लास्टिक पेंटऐवजी चुन्याची सफेदी.

आपलं घर सुटं आहे असं समजणं हीसुद्धा चूकच. तुळयांची टोकं अनेकदा सामाईक भिंतीत असतात. इंग्लंड-वेल्समध्ये त्या भिंतीच्या कामासाठी १९९६ च्या सामाईक भिंतींच्या कायद्यानुसार (पार्टी वॉल अ‍ॅक्ट) शेजाऱ्याला आधी लेखी नोटीस द्यावी लागते. एकदा माळ्यावर चढून पाहाच. काही जुन्या रांगांत छपराखाली दोन घरांमध्ये भिंतच नसते, आग लागली तर ती सरळ पुढे पसरते.

आणि खिडक्या. घर जुन्या, महत्त्वाच्या इमारतींच्या सरकारी संरक्षित यादीत असेल तर जुनी लाकडी तावदानं काढून प्लास्टिकची बसवणं परवानगीशिवाय गुन्हा ठरतो. संरक्षण घराच्या आतल्या भागालाही असतं, जिना आणि शेकोटीसकट. इंग्लंडमध्ये या परवान्याच्या अर्जाला फी नाही, त्यामुळे टाळायला कारणही नाही. आधीच्या मालकानं केलेलं बेकायदा काम पूर्ववत करायची नोटीस नव्या मालकावर येऊ शकते, तिला कालमर्यादा नाही. घर घेण्याआधी प्रत्येक बदललेल्या खिडकी-दाराचा परवाना मागून घ्या.