अपडेटनंतर सर्व्हर उठतो, सर्व्हिस उठत नाही: या चुका टाळा

रावेरच्या केळी व्यापाऱ्याचं बिलिंग असो की धुळ्याच्या पॅथॉलॉजी लॅबचे रिपोर्ट, हल्ली सगळं मुंबई किंवा पुण्याच्या क्लाउड रीजनमधल्या एखाद्या उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) मशीनवर असतं. ट्रक भरून उभा आणि पावती निघत नाही, की फोन येतो: "भाऊ, काय व्हयनं?" मग हे सर्व्हर सांभाळणारे आपण म्हणतो, रात्री अपडेट झालं असेल.

रात्री नव्हे. क्लाउड मशीनचं घड्याळ बहुधा यूटीसीवर (भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे) असतं, आणि अपडेट बसवणारा उबुंटूचा एपीटी-डेली-अपग्रेड टायमर त्या घड्याळात सकाळी ६ नंतरच्या तासाभरात कधीतरी चालतो. म्हणजे आपल्याकडे ११.३० ते १२.३०, ऐन धंद्याची वेळ. टाइमडेटसीटीएल ही कमांड चालवून घड्याळ कोणत्या झोनवर आहे ते बघा आणि टायमरची वेळ मालकाला विचारून ठरवा. कापसाच्या हंगामात जिनिंगचा काटा रात्रीही चालतो, तेव्हा "रात्री दोन" हे आपलं नेहमीचं उत्तर तिथेही चालेलच असं नाही.

दुसरा गैरसमज, अपडेटनं बिघडवलं हा. सुरक्षा अपडेट आपोआप बसतात, पण रीबूट आपोआप होत नाही. रीबूट-रिक्वायर्ड नावाची फाइल व्हार-रनमध्ये नुसती पडून राहते. मग कधीतरी मशीन रीबूट होतं आणि सेटअपच्या दिवशी युनिट फाइलमध्ये (सर्व्हिस कधी, कशी सुरू व्हावी हे सांगणारी फाइल) लिहिलेली चूक पहिल्यांदा उघडी पडते. तोवर ती सर्व्हिस कोणीतरी हातानं चालू केलेली असते.

"फेल्ड" यादी रिकामी म्हणून निर्धास्त होणं

फोनवर आपण सांगतो: सिस्टमसीटीएल, पुढे डबल डॅश फेल्ड. समोरचा म्हणतो, "काहीच नाही दाखवत." तिथेच तपास भरकटतो. जी सर्व्हिस सुरू होऊन कोसळली ती या यादीत येते. जी दुसऱ्या कोणामुळे सुरूच झाली नाही, ती नुसती इनअॅक्टिव्ह असते आणि यादीत दिसत नाही. डिपेंडन्सीच्या, म्हणजे एका सर्व्हिसला दुसरी लागण्याच्या, बहुतेक भानगडी या दुसऱ्या प्रकारच्या. म्हणून जर्नलसीटीएलला डॅश बी देऊन या बूटचा पूर्ण लॉग काढा आणि त्यात "डिपेंडन्सी फेल्ड" आणि "ऑर्डरिंग सायकल" हे शब्द शोधा. घाईत पुन्हा रीबूट केला असेल तर डॅश बी नंतर उणे एक द्या, मागच्या बूटचा लॉग मिळेल. मात्र व्हार-लॉगमध्ये जर्नल हे फोल्डर असेल तरच.

हातानं रीस्टार्ट केल्यावर सर्व्हिस निमूट चालली, तर दोष अॅपपेक्षा क्रमात असण्याची शक्यता जास्त.

"आफ्टर" लिहिलं की काम झालं असं समजणं

लिनक्सवर सर्व्हिस सुरू-बंद करणाऱ्या सिस्टमडी या प्रोग्राममध्ये क्रम आणि गरज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सुरत-भुसावळ लाइनवर एक गाडी दुसरीच्या मागे सुटते, म्हणून पुढची गाडी आज धावलीच पाहिजे असं कुठे असतं? "आफ्टर" एवढंच सांगतं: दोघी निघणार असतील तर ही त्या दुसरीच्या मागून. अॅपला लागणाऱ्या डेटाबेसला उठवण्याचं काम "वॉन्ट्स" किंवा "रिक्वायर्स" करतं. आणि नुसतं "रिक्वायर्स" लिहून "आफ्टर" विसरलात, तर दोन्ही एकदम सुटतात आणि अॅप बंद दारावर धडकतं.

यात व्हर्जन बदलाची भर. रेड हॅट घराण्याच्या लिनक्स मशीनवर पोस्टग्रेस या डेटाबेसच्या स्वतःच्या रिपॉझिटरीतलं पॅकेज असेल, तर सर्व्हिसच्या नावातच आकडा असतो: पोस्टग्रेसक्यूएल-१३, पोस्टग्रेसक्यूएल-१६. डेटाबेस १६ वर गेला, जुनं पॅकेज काढलं, पण अॅपच्या फाइलमध्ये १३ राहिलं. तिथे "रिक्वायर्स" असेल तर निदान "युनिट नॉट फाउंड" म्हणून ओरडा होतो. "वॉन्ट्स" आणि "आफ्टर" असतील तर सिस्टमडी गपचूप पुढे जातं.

मग सगळीकडे "रिक्वायर्स"च लिहावं का? माझं मत, नाही. पॅकेज अपडेट होताना अनेकदा डेटाबेस आधी थांबवला जातो, नवी फाइल बसते, मग तो चालू होतो. डेटाबेस थांबला की "रिक्वायर्स"मुळे अॅपही थांबतं. डेटाबेस परत येतो, अॅपला मात्र कोणी बोलावत नाही. "रीस्टार्ट ऑलवेज" इथे कामाला येत नाही, कारण सिस्टमडीच्या लेखी ते पडलेलं नसून रीतसर थांबवलेलं आहे. दुपारी बाराचा तो फोन अनेकदा याचाच असतो. "वॉन्ट्स" आणि "आफ्टर" जोडीनं लिहा, आणि डेटाबेस मिळाला नाही तर थांबून पुन्हा प्रयत्न करणं अॅपलाच शिकवा.

पुन्हा प्रयत्न सिस्टमडीकडून करून घेणार असाल तर "रीस्टार्ट ऑन-फेल्युअर"सोबत "रीस्टार्टसेक" ५ सेकंद द्या. ते न दिल्यास दोन प्रयत्नांमधलं अंतर फक्त १०० मिलिसेकंद असतं, आणि १० सेकंदांत ५ प्रयत्न झाले की सिस्टमडी नाद सोडतं. म्हणजे लगेच कोसळणारं अॅप एका सेकंदाच्या आसपासच कायमचं बाद.

नेटवर्क टार्गेटवर विसंबणं

टार्गेट म्हणजे बूटमधला एक टप्पा. "नेटवर्क टार्गेट" म्हणजे नेट आलं असं नव्हे, नेटवर्क सांभाळणारा प्रोग्राम चालू झाला एवढंच. आयपी हवा असेल तर "नेटवर्क-ऑनलाइन टार्गेट", तेही "वॉन्ट्स" आणि "आफ्टर" दोन्हीत. मशीनला दुसरा, न वापरलेला नेटवर्क इंटरफेस जोडला असेल तर बूट १२० सेकंद अडकू शकतं. नेट येईपर्यंत थांबवून ठेवणारी वेट-ऑनलाइन सर्व्हिसच बंद करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो ऐकू नका. नेटप्लॅनमध्ये (उबुंटूची नेटवर्क सेटिंग) त्या एका इंटरफेसला "ऑप्शनल ट्रू" करा.

क्लाउड-इनिटच्या मागे रांग लावून चक्र तयार करणं

क्लाउड-इनिट म्हणजे क्लाउड मशीनची सुरुवातीची मांडणी करणारा प्रोग्राम, क्लाउड-फायनल ही त्याची शेवटची सर्व्हिस. "क्लाउड-इनिट संपल्यावर माझं अॅप" म्हणून युनिट फाइलमध्ये क्लाउड-फायनलच्या "आफ्टर" आणि खाली "वॉन्टेडबाय मल्टी-यूजर टार्गेट" लिहिलं जातं. उबुंटूवर क्लाउड-फायनल स्वतःच मल्टी-यूजर टार्गेटच्या मागे आहे, आणि ते टार्गेट तुमच्या अॅपची वाट बघतं. चक्र पूर्ण. सिस्टमडी ते तोडायला त्यातलं एक काम वगळतं, आणि वगळलेलं काम तुमचं अॅपच असेल असंही नाही. "वॉन्टेडबाय" क्लाउड-इनिट टार्गेटला द्या आणि सिस्टमसीटीएल रीएनेबल चालवा, नाहीतर जुनी लिंक तशीच राहते.

पॅकेजची फाइल थेट बदलणं

लिब फोल्डरमधली युनिट फाइल बदललीत तर पुढचं अपडेट ती पुसणार. सिस्टमसीटीएल एडिट वापरा, ते तुमचा बदल वेगळ्या जोडफाइलमध्ये ठेवतं. पण एक अट कमी लोकांना माहीत असते: अशा जोडफाइलमधून "आफ्टर" वाढवता येतं, कमी करता येत नाही. काढायचं असेल तर अख्खी फाइल ईटीसी फोल्डरमध्ये घ्यावी लागते, आणि मग पॅकेजमधले नवे बदल तुमच्यापर्यंत पोहोचत नाहीत. कुठे काय झाकलं गेलंय ते सिस्टमडी-डेल्टा दाखवतं.

एफएसटॅबमध्ये डिस्कचं नाव

बूट होताना कोणती डिस्क कुठे जोडायची ते एफएसटॅब ही फाइल सांगते. इथली चूक मशीनच उठू देत नाही. एडब्ल्यूएसच्या नायट्रो मशीनवर डिस्कची एनव्हीएमई नावं रीबूटनंतर अदलाबदल होऊ शकतात. एफएसटॅबमध्ये असं नाव आहे आणि "नोफेल" (डिस्क नसली तरी पुढे जा) नाही, तर ९० सेकंद वाट बघून मशीन इमर्जन्सी मोडमध्ये जातं, एसएसएच (दुरून लॉगिन) बंद. रूटला पासवर्ड नसल्यानं सीरियल कन्सोलवरही दार उघडत नाही. मग रूट डिस्क सोडवायची, दुसऱ्या मशीनला जोडायची, ओळ दुरुस्त करायची आणि परत लावायची. नावाऐवजी यूयूआयडी (डिस्कचा न बदलणारा ओळख क्रमांक) लिहा, डेटा डिस्कला "नोफेल" द्या, आणि फाइल सेव्ह केल्यावर फाइंडमाउंटला डबल डॅश व्हेरिफाय देऊन तपासा. त्यानंतर स्नॅपशॉट घ्या आणि तुम्ही जागेवर असताना, मालकाला सांगून, स्वतः रीबूट करा.