घरच्या सीडीवर अधिक गाणी बसवताना

एका गाण्याची एमपीथ्री फाइल साधारण साडेचार एमबीची आणि सीडी ७०० एमबीची, तेव्हा दीडशे गाणी सहज बसतील, असा हिशोब मांडून माणूस सीडी राईट करायला बसतो आणि अठरावे गाणे घालताच सॉफ्टवेअर जागा संपल्याचे सांगते. यात दोष सीडीचाही नसतो आणि फाइलचाही नसतो. चुकते ते मोजमाप. साध्या ऑडिओ सीडीवर जागा एमबीत मोजायची नसते, मिनिटांत मोजायची असते.

फिलिप्स आणि सोनी या कंपन्यांनी १९८० साली ठरवलेल्या मानकानुसार ऑडिओ सीडीवर प्रत्येक सेकंदाला आवाजाचे ४४,१०० नमुने, प्रत्येकी १६ बिटांचे आणि डाव्या-उजव्या अशा दोन्ही वाहिन्यांसाठी लिहिले जातात. जिनिंगमध्ये दाबून बांधलेली कापसाची गाठ सोडली की कापूस जसा पुन्हा खोलीभर होतो, तशी एमपीथ्री फाइल ऑडिओ सीडीवर उतरताना मूळ आकारात उलगडली जाते. म्हणून फाइल कितीही लहान केली, किंवा गाणे स्टिरिओऐवजी मोनो (एकाच वाहिनीचे) केले, तरी एक सेकंदही वाचत नाही. जुन्या कोऱ्या सीडीवर ७४ मिनिटे मावत असत, आता सर्रास मिळणाऱ्या सीडीवर ८० मिनिटे मावतात. नव्वद मिनिटांची एक कॅसेटसुद्धा एका सीडीत पुरी बसत नाही, हे ऐकून अनेकांना नवल वाटते.

आपल्याकडे घरच्या सीडीचा माल बहुधा कॅसेटवरूनच येतो. आजीच्या जात्यावरच्या ओव्या, गावातल्या भजनी मंडळाची एकादशीची रात्र, तुळजापूरच्या वाटेवर आराध्यांनी म्हटलेली देवीची गाणी, असे बरेच काही टेपरेकॉर्डरवर घेतलेले असते, आणि अशा ध्वनिमुद्रणात गाण्याइतकाच फापटपसाराही असतो. सुरुवातीला कुणीतरी ‘चालू झालं का?’ असे विचारते, पेटीचा भाता दोनदा हलतो, टाळ सावरले जातात आणि मग गाणे सुरू होते. ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडल्यावर हा भाग सपाट रेषेसारखा किंवा तुरळक काट्यांसारखा दिसतो. तो निवडून काढून टाकावा आणि कापलेल्या टोकाला आवाजाचा अर्ध्या सेकंदाचा उतार (फेड) द्यावा, म्हणजे ‘टक्’ असा आवाज येत नाही. आजीचा आवाज मात्र ‘फापटपसारा’ समजून कापू नये. ती मध्येच खोकली असेल तर खोकू द्यावी.

या कात्रीने किती साधते ते पाहा. समजा, १८ गाण्यांची बेरीज ८३ मिनिटे २० सेकंद होते. प्रत्येक गाण्यातून सरासरी १२ सेकंद निघाले, तर ३ मिनिटे ३६ सेकंद वाचून बेरीज ७९ मिनिटे ४४ सेकंदांवर येते. तरीही सगळी गाणी सीडीवर मावणार नाहीत, कारण बहुतेक सॉफ्टवेअर दोन गाण्यांमध्ये दोन सेकंदांची शांतता आपसूक घालते आणि १७ फटींचे ३४ सेकंद मिळून आकडा ८० मिनिटे १८ सेकंदांवर जातो. ही फट शून्य करण्याची सोय ‘डिस्क ॲट वन्स’ या, सगळी सीडी एका दमात लिहिण्याच्या पद्धतीत मिळते. फट काढली की तीच १८ गाणी त्याच सीडीवर बसतात.

गाण्यांचा वेग थोडा वाढवून मिनिटे वाचवण्याचा सल्लाही कुणी देतात. संबळाची लय ज्याच्या कानात बसली आहे, त्याला तीन-चार टक्क्यांची घाईही खटकते, तेव्हा हा मार्ग मी सुचवणार नाही. अपवाद एकच : जुन्या टेपरेकॉर्डरचा पट्टा सैल असल्यामुळे कॅसेट संगणकावर घेतानाच गाणे रेंगाळत उतरले असेल, तर वेग दुरुस्त करावा.

ठरलेल्या मर्यादेपलीकडे मिनिट-दीड मिनिट लिहिण्याला ‘ओव्हरबर्न’ म्हणतात. रायटर आणि सीडी दोन्ही साथ देत असतील तर ते जमते, पण सीडी आतून बाहेर लिहिली जात असल्याने हा जादा भाग अगदी कडेला येतो, आणि बोटे लागतात तीही तिथेच. मी अशी एक सीडी केली होती. घरी ती नीट वाजली, पण तुळजापूरहून परतताना जीपमध्ये शेवटची आरती ‘दुर्गे दुर्घट’वरच अडखळत राहिली.

ध्वनिमुद्रण मोनो असेल, तर एक जुनी युक्ती आहे. डाव्या वाहिनीत ओव्या आणि उजव्या वाहिनीत भजने, असे दोन वेगळे ट्रॅक जोडून एक स्टिरिओ फाइल करावी. ८० मिनिटांच्या सीडीवर १६० मिनिटे बसतात आणि बॅलन्सचे बटण फिरवून हवे ते ऐकता येते. एकाच स्पीकरच्या प्लेअरवर मात्र दोन्हींचा गोंधळ होतो, आणि तोही संबळाशिवायचा.

प्लेअरवर ‘एमपीथ्री’ असे लिहिलेले असेल, तर ही सगळी काटकसर सोडून द्यावी. विंडोज मीडिया प्लेअरमध्ये ‘ऑडिओ सीडी’ऐवजी ‘डेटा सीडी’ हा पर्याय निवडला की फाइल जशीच्या तशी उतरते आणि तेव्हा एमबीचाच हिशोब लागू होतो. सेकंदाला १२८ किलोबिटच्या फाइलला मिनिटाला जवळपास एक एमबी लागतो, म्हणजे ७०० एमबीत सुमारे १२ तास मावतात; कॅसेटवरच्या मोनो ओव्यांना ६४ किलोबिट पुरतात आणि वेळ दुप्पट होतो. १२८ ची फाइल पुन्हा १९२ ला बदलण्याने आवाज सुधारत नाही, फाइल मात्र दीडपट फुगते. फाइलींची नावे रोमन लिपीत आणि ००१, ००२ अशा अंकांनी सुरू होणारी ठेवावीत, कारण अनेक प्लेअर देवनागरीच्या जागी चौकोन दाखवतात आणि क्रमही बिघडवतात.

कोणताही मार्ग घेतला, तरी सीडी पुन्हा लिहिता येणारी नको, साधी, एकदाच लिहिता येणारी सीडी-आरच घ्यावी, कारण पुन्हा लिहिता येणारी सीडी वाचताना जुन्या प्लेअरना त्रास होतो. राईटिंगचा वेग मध्यम ठेवावा, शेवटी सीडी फायनलाइज करावी, म्हणजे पुढच्या लेखनासाठी बंद करावी, आणि कुणाच्या हाती देण्याआधी, ज्या प्लेअरवर ती वाजणार आहे त्याच प्लेअरवर, पहिले गाणे सोडून शेवटचे गाणे पूर्ण वाजवून पाहावे.