कोरोना चाचण्यांचा सरकारी आकडा घरबसल्या कसा पडताळायचा

तालुक्याच्या कचेरीत मी उभा जन्म तक्ते भरले. त्या अनुभवावरून सांगतो, आकडा खोटा निघण्याआधी बऱ्याचदा तो भलत्याच गोष्टीचा निघतो. म्हणून शंका घ्या, पण आधी नेमकं काय मोजलंय ते विचारा.

2020 साली, कोरोनाच्या साथीत, आमच्या गॅलरीसमोर स्वॅबचा, म्हणजे नाकातला नमुना घेण्याचा मांडव होता. रांग दुपारीच संपायची आणि संध्याकाळचा आकडा रांगेच्या कितीतरी पट. पारावर लगेच 'घोटाळा' सुरू. अहो, मांडव एक, आकडा अख्ख्या तालुक्याचा! फिरतं पथक बाजारपेठेत दुकानदारांच्या नाकात काडी घालत होतं, ते गॅलरीतून कुठं दिसणार? शिवाय आरटीपीसीआरचा, म्हणजे प्रयोगशाळेतल्या चाचणीचा नमुना आज घेतला तरी निकाल उद्या-परवा लागतो, अँटिजेन या झटपट चाचणीचा अर्ध्या तासात. रविवारी कामं मंदावली की सोमवारचा आकडा पडतो. तेव्हा एका दिवसावरून भांडू नका, आठवड्याची बेरीज धरा.

चाचण्या आणि माणसं वेगवेगळी मोजा. लक्षणं असून अँटिजेन निगेटिव्ह आली तर आरटीपीसीआर करा, अशी आयसीएमआरची, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेची सूचना होती. म्हणजे माणूस एक, चाचण्या दोन. अँटिजेनमधून बरेच बाधित निसटतात. तिचा वाटा वाढवला की पॉझिटिव्हिटी, म्हणजे शंभर चाचण्यांमागे बाधित किती हा आकडा, आपोआप खाली दिसते, साथ होती तिथंच असते. माझ्या मते खरी मेख इथंच आहे.

वहीत डोळ्यांनी दिसलेलंच लिहा: तारीख, केंद्र किती वाजता उघडलं, किती जण आत गेले, किट संपल्याची पाटी कधी लागली. 'तुफान गर्दी' ही नोंद नव्हे.

सगळ्यात पक्का पुरावा तुमच्याच मोबाइलवर येतो. 2021च्या हरिद्वार कुंभमेळ्यात तिकडं न गेलेल्या पंजाबमधल्या एका माणसाला 'तुमचा नमुना घेतला' असा मेसेज आला. त्यानं तक्रार लावून धरली आणि चौकशीत सुमारे 1 लाख अहवाल बनावट असल्याचं पुढं आलं. एकाच मोबाइल नंबरवर 50च्या वर माणसं नोंदवली होती. खासगी प्रयोगशाळांना पैसे चाचणीमागे मिळत होते, एवढं सांगितलं की पुरे. तेव्हा न दिलेल्या नमुन्याचा मेसेज आला तर पुसू नका, स्क्रीनशॉट काढून लेखी तक्रार द्या.

मग माहितीचा अधिकार. अर्जाला 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा आणि तालुका आरोग्य अधिकारी कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे द्या. रुग्णांची नावं मागू नका, त्या एका कारणावर अर्ज उडवतील. तारीखवार, केंद्रवार, प्रकारवार नमुने मागा आणि सोबत किटच्या साठा नोंदवहीची प्रत: आल्या किती, वापरल्या किती, शिल्लक किती. चाचण्यांचा आकडा कुणीही फुगवेल, पण साठ्याशी मेळ घालताना भल्याभल्यांना घाम फुटतो. अर्जाची पोच घ्याच. 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील करा. महाराष्ट्रात त्याला 20 रुपयांचा स्टॅम्प लागतो.