कॉलेजात असतानाच नावाला कामाची ओळख कशी जोडायची

पर्सनल ब्रँड म्हटलं की बरीच पोरं लोगो, रील आणि बायोतल्या ‘नाद खुळा’पासून सुरुवात करतात. कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीवाल्याला (धातू वितळवून ओतणाऱ्या कारखानदाराला) किंवा राजारामपुरीतल्या सीएला त्याचं काही पडलेलं नसतं. अमुक एक काम निघालं की तुमचं नाव त्याला आठवलं पाहिजे, बस्स. तेव्हा आधी काम ठरवा. लोगो नाही काढला तरी चालतो.

विषय अरुंद घ्या. ‘मेकॅनिकल’ ही शाखा झाली; ‘सँड कास्टिंगमधले दोष’, म्हणजे वाळूच्या साच्यात धातू ओतून केलेल्या भागांतले दोष, हा विषय झाला. कोल्हापुरात त्यासाठी लांब जावं लागत नाही: शिरोली-गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्या, हुपरीची चांदी, इचलकरंजीचे माग. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, तेही महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या प्रत्येकी चार जिल्ह्यांना मिळून. आता कारागिरानं अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी कशी करायची, हे सोप्या मराठीत मांडणारी कॉमर्सची मुलगी वर्षभरात त्या विषयाची माणूस होऊ शकते. निवड बरोबर आहे का हे तपासायला कागदावर दहा पोस्टची शीर्षकं लिहून काढा. सहाव्याला अडखळलात तर विषय अजून डोळ्यांनी पाहिलेला नाही, नुसता ऐकलेला आहे.

मग नाव. कोल्हापुरात पाटील आणि चव्हाण किती, हे सांगायला नको. म्हणून वडिलांचं नाव किंवा आद्याक्षर धरून एकच रूप ठरवा, आणि रिझ्युमे, ईमेल, लिंक्डइन, गिटहब सगळीकडे तेच, इंग्रजी स्पेलिंगसकट ठेवा. मार्कशीटवर एक आणि प्रोफाइलवर दुसरं स्पेलिंग असेल तर शोधणाऱ्याला तुम्ही सापडतच नाही. ब्राउझरच्या इन्कॉग्निटो खिडकीत स्वतःचं नाव टाकून बघा. आठवीत काढलेलं ‘रॉयल किंग’ खातं वर आलं तर ते बंद करा किंवा प्रायव्हेट करा.

फोटोला स्टुडिओ लागत नाही. सकाळी खिडकीसमोर उभं राहायचं, उजेड चेहऱ्यावर येऊ द्यायचा, मित्राला फोनच्या मागच्या कॅमेऱ्यानं पाच-सहा फुटांवरून काढायला सांगायचं. लिंक्डइनला किमान ४०० बाय ४०० पिक्सेल लागतात. बुलेटवरचा, रंकाळ्यावरचा किंवा लग्नातून कापून काढलेला फोटो नको. कापलेल्या फोटोत शेजाऱ्याचा खांदा राहतोच.

लिंक्डइनवर नावाखाली दिसणाऱ्या हेडलाइनला २२० अक्षरांची मर्यादा आहे, पण फोनवर त्यातली सुरुवातच दिसते. कामाचा शब्द पुढे आणा: ‘सँड कास्टिंगमधले दोष । मेकॅनिकल, तिसरं वर्ष । कोल्हापूर’. ‘स्वप्नं पाहणारा भावी उद्योजक’ असं लिहिलं की वाचणाऱ्याला तुम्ही काय करता ते कळत नाही. आणि भावी या शब्दाचं आपल्याकडच्या फ्लेक्सवर काय झालंय ते सगळ्यांना ठाऊक आहे.

खरी मेहनत पोस्टमध्ये आहे. समजा तुम्हाला फाउंड्रीत एक रिजेक्ट झालेलं कास्टिंग कापलेलं पाहायला मिळालं. आतल्या पोकळीची भिंत गुळगुळीत, गोलसर असेल तर बहुतेक ब्लो होल: वाळूत ओल जास्त होती किंवा गॅसला बाहेर पडायला वाट नव्हती. भिंत खरबरीत, दाणेदार आणि पोकळी जाड भागात असेल तर श्रिंकेज: धातू गोठताना आकसला आणि रायझरमधून (साच्यातल्या जादा धातूच्या साठ्यातून) पुरेसा रस आला नाही. दोन तुकडे शेजारी ठेवा, मापासाठी स्टीलची पट्टी लावा, तिरप्या उजेडात फोटो काढा. खाली दीडशे शब्द: काय दिसलं, कशावरून ओळखलं, सुपरवायझरनं काय बदललं. पहिल्या दोन ओळींतच ‘दिसायला सारखी, कारणं वेगळी’ हे येऊ द्या, कारण पुढचं ‘आणखी पाहा’खाली झाकलं जातं. पोस्ट टाकण्याआधी मालकाची परवानगी घ्या; ड्रॉइंग, पार्ट नंबर, ग्राहकाचं नाव फोटोत नको. ही एक चूक झाली की त्या शेडचं दार बंद, आणि एमआयडीसीत बातमी चहाच्या गाड्यावरून फिरते.

आठवड्याला एक पोस्ट पुरे. रोज टाकायचा निश्चय करणारे दहाव्या दिवशी सुविचारांवर येतात, कारण पाहणं कमी आणि लिहिणं जास्त होतं. सर्टिफिकेटचे फोटो रांगेनं टाकू नका. त्या कोर्सात शिकलेली एक गोष्ट वापरून दाखवा. एआयकडून लिहून घेतलेली पोस्ट लगेच ओळखू येते, तिच्यात वाळूचा वास नसतो. शुद्धलेखन तपासायला मात्र खुशाल वापरा. फॉलोअर विकत घेऊ नका: ते वाचत नाहीत, आणि हजारो फॉलोअरांच्या खात्यावर चार लाइक दिसले की पाहणारा काय ते समजतो.

भाषेचं म्हणाल तर इथल्या कारखानदारांसाठी मराठी, बाहेरच्या कंपन्यांसाठी इंग्रजी. एकाच पोस्टमध्ये दोन्ही कोंबलं की कुणीच पुरतं वाचत नाही. इथले बरेच मालक लिंक्डइनपेक्षा व्हॉट्सअॅपवर सापडतात. त्यांच्यासाठी दर तीन महिन्यांनी उत्तम तीन पोस्टची एक पानी पीडीएफ करा, एक एमबीच्या आत. फाइलच्या नावात तुमचं नाव आणि विषय हवा, नुसतं ‘फायनल २’ नको.

अनोळखी माणसाला मेसेज करताना तीन ओळी बास: ‘नमस्कार सर, मी अमुक कॉलेजात मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. कास्टिंगमधल्या दोषांवर लिहितो, एक पान सोबत जोडलंय. तुमच्याकडे वाळूची ओल दिवसातून किती वेळा तपासतात?’ प्रश्न असा हवा, की त्याचं उत्तर एका ओळीत देता यावं. ‘सर, काही असेल तर बघा’ याला काय उत्तर देणार? आठवडाभर उत्तर नाही आलं तर एकदाच आठवण करा. भेटायला बोलावलं तर वेळ फोनवर विचारून जा. धातू ओतायचं चालू असताना तुमच्याकडे बघायला कुणाला फुरसत नसते.

प्रोजेक्ट प्रदर्शनात टेबलावर क्यूआर कोड लावणार असाल तर आदल्या रात्री तो दुसऱ्याच्या फोनवरून, तुमचं खातं नसलेल्या फोनवरून, उघडून बघा. ड्राइव्हची लिंक ‘लिंक असलेल्या कुणालाही’ अशी केलेली नसेल तर परीक्षकासमोर परवानगी मागणारं पान येतं, आणि तुमच्या फोनवर सगळं व्यवस्थित उघडत असल्यानं ते तुम्हाला कळतही नाही.