घर घ्यायचं नसलं तरी ओपन हाऊस बघायला जा

घर घ्यायचा विचार डोक्यात आला की आपण सगळ्यात आधी मोबाईल घेऊन फोटो बघत बसतो आणि भरपूर फोटो बघून झाले की वाटतं चला आपल्याला मार्केट कळलं. नाही कळत हो. ते फोटो वाइड अँगल लेन्सने, खोलीच्या पार कोपऱ्यात उभं राहून काढलेले असतात, त्यात छोटी बेडरूमपण हॉलसारखी दिसते, आणि फोटोत वास येत नाही, आवाज येत नाही, शेजारच्या बिल्डिंगची भिंत खिडकीच्या किती जवळ आहे तेही दिसत नाही. म्हणून कळकळीने सांगतो, ओपन हाऊस असेल तिथे जा. ओपन हाऊस म्हणजे विकायला काढलेलं घर ठरलेल्या वेळात कोणीही येऊन बघू शकतं, बहुतेक ठिकाणी अपॉइंटमेंट लागत नाही, आणि बघितलं म्हणून घ्यायलाच पाहिजे असं काही नसतं.

आणि घ्यायची घाई सुरू व्हायच्या बरंच आधी जायला लागा, जमलं तर वर्षभर आधी. तेव्हा डोकं शांत असतं. एकदा लोन मंजूर झालं आणि एखादं घर मनात भरलं की समोर ओल दिसत असली तरी आपणच म्हणतो, रंग दिला की जाईल. जे घर घ्यायचंच नाहीये त्याच्याकडे आपण खरं बघतो, आणि तिथे बसलेली नजर पुढे स्वतःच्या घराच्या वेळी कामाला येते.

जाताना मेजरिंग टेप न्या, हे मी प्रत्येकाला सांगतो. घरातल्या मोठ्या सामानाची मापं आधीच मोबाईलमध्ये लिहून ठेवा. डबल बेड साधारण ६ फूट बाय साडेसहा फूट असतो, कपाट २ फूट खोल. आता खोली १० फूट लांब असेल तर बेडचे साडेसहा आणि त्याच्या समोर कपाटाचे २ गेले, उरलं दीड फूट, मग कपाटाचं दार उघडणार कसं आणि माणूस उभा कुठे राहणार? असा हिशोब चार घरांत केला की नुसता आकडा वाचून खोली डोळ्यासमोर यायला लागते.

मग ओल बघा. बाथरूमच्या पलीकडची भिंत, खिडकीच्या खालचा भाग, छताचे कोपरे. भिंतीवर पांढरी मिठासारखी भुकटी दिसली तर ते खरंच क्षार असतात, भिंतीतलं पाणी बाहेर येऊन वाळलं की मागे राहतात, आणि पाणी कुठून येतंय ते बंद केल्याशिवाय वरून कितीही रंग मारा, पोपडे परत येणारच. सगळ्या खोलीत एकच भिंत नवी कोरी रंगवलेली असेल तर का म्हणून सरळ विचारा. प्लास्टरवरच्या केसाएवढ्या बारीक चिरा बहुतेक वेळा काही नसतात, पण दार-खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी गेलेली रुंद भेग, किंवा कॉलमला बीमला लांबीच्या दिशेने गेलेली भेग मात्र सोडू नका, आतली सळई गंजली की ती फुगते आणि काँक्रीटला बाहेर ढकलते. अशा ठिकाणी आपलं मत बाजूला ठेवायचं आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवायचं.

पाण्याचं प्रेशर बघायला विचारून दोन नळ एकदम चालू करा. बाथरूममध्ये वास येत असेल तर लगेच घर नापास करू नका, बंद घरात ट्रॅपमधलं, म्हणजे ड्रेनच्या वाकड्या पाईपमध्ये वास अडवायला साठून राहणारं पाणी सुकतं आणि मग ड्रेनेजचा वास वर येतो. थोडं पाणी ओतून वास गेला तर ठीक, राहिला तर ड्रेनेजचं काय ते विचारा. दिवसाढवळ्या सगळे लाईट लावलेले असतात, एखाद्या खोलीतले बंद करायला सांगा म्हणजे खरा उजेड कळेल. म्युझिक चालू असेल तर तेही थांबवायला सांगून खिडकी उघडून ऐका. मोबाईलच्या कंपासवर दिशा बघून घ्या, पश्चिमेच्या मोठ्या खिडक्या म्हणजे दुपारनंतरचं ऊन थेट आत. आणि हो, प्रत्येक खोलीत मोबाईलची रेंज.

तिथे जो एजंट असतो तो बहुतेक वेळा विकणाऱ्याचा असतो, कितीही गोड बोलला तरी. त्याला विचारायचं भरपूर. घर किती दिवसांपासून विक्रीला आहे, किंमत मधे कमी केली का, मालक का विकतायत, महिन्याचा मेंटेनन्स किती, वायरिंग आणि पाईप कधी बदलले, फिटिंगमधलं काय राहणार काय नेणार. आपलं बजेट, आपली घाई, हे घर किती आवडलं यातलं काहीच सांगायचं नाही. नवराबायकोने घरात उभं राहून किमतीची चर्चा तर अजिबात नको, कॅमेरे असू शकतात, बाहेर लांब येऊन बोला. बाकी आलेले लोक काय बोलतात त्याकडे कान ठेवा, आपल्या लक्षात न आलेली गोष्ट बरेचदा त्यांच्या तोंडून कळते.

लोक अजून राहत असतील तर त्यांच्या खाजगी कपाटांना हात लावू नका, सिंकखालचं फिक्स कपाट बघायला हरकत नाही कारण लीकेज तिथेच कळतं. फोटो विचारून काढा.

बाहेर पडलात की लगेच लिहून काढा, दोन-तीन घरं पाठोपाठ बघितली की कुठली बाल्कनी कुठल्या घराची तेच आठवत नाही. मागितलेली किंमत लिहा आणि नंतर ते घर शेवटी कितीला गेलं ते कळलं तर शेजारी तेही लिहा. मागितलेली किंमत आणि खरी किंमत यातला फरक अशा नोंदींमधूनच समजतो, आणि स्वतःचं घर विकायचं असेल त्यांनी तर यासाठी नक्की जावं, आपल्या घराला कुठल्या घरांशी टक्कर द्यायची आहे ते कळतं.

एखादं खरंच आवडलं तर तिथल्या तिथे पैसे देऊ नका. रात्री एकदा जाऊन पार्किंग आणि आवाज बघा, जमलं तर मोठ्या पावसानंतर एक चक्कर मारा, शेजाऱ्यांना पाण्याचं विचारा, मग कागदपत्रं वकिलाला आणि घर इंजिनिअरला दाखवून पुढचं बोला.