जुने फॉग लॅम्प आणि लेग गार्ड घरच्या घरी बसवताना

सेकंडहँड लेग गार्ड घेताना आपण दांडा बघतो, क्लॅम्प बघत नाही. मग रविवारी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये पाने पसरून बसलं की कळतं, एक क्लॅम्प दुसऱ्याच गाडीचा आहे. म्हणून विकणाऱ्याला पहिला प्रश्न हाच विचारा: कोणत्या मॉडेलवरून काढलाय, आणि सगळे नट-बोल्ट सोबत आहेत का? गार्ड सपाट फरशीवर ठेवा. डावी-उजवी बाजू सारखी बसली नाही तर तो वाकलेला आहे. वेल्डिंगच्या जोडावर रंग तडकला असेल तर कितीही स्वस्त असला तरी घेऊ नका.

फॉग लॅम्प तिथेच १२ व्होल्टच्या बॅटरीवर दहा मिनिटं पेटवून बघा. काचेच्या आत वाफ धरलेली दिसली तर सील गेलं आहे. आपल्याकडच्या जुलैत तो टिकणार नाही.

सामान घरी आलं की लगेच बसवायची घाई नको. ठाणे असो की नवी मुंबई, खाडीच्या हवेने लोखंड लवकर गंजतं. गंजलेला भाग पॉलिश पेपरने घासा, रेड ऑक्साइड प्रायमरचा हात द्या, वर रंग मारून रात्रभर वाळू द्या. जुने बोल्ट मात्र वापरू नका. आटे झिजलेला बोल्ट आवळताना घट्ट वाटतो आणि खड्ड्यांत सैल होतो. हार्डवेअरच्या दुकानात जुना बोल्ट दाखवून त्याच मापाचा, त्याच ग्रेडचा नवा आणि सोबत स्प्रिंग वॉशर घ्या.

बऱ्याच गाड्यांत लेग गार्ड इंजिन माउंटिंगच्या, म्हणजे इंजिन चासीला धरून ठेवणाऱ्या बोल्टवर बसतो. तिथे एका वेळी एकच बोल्ट काढायचा आणि इंजिनखाली लाकडी ठोकळ्याचा आधार द्यायचा. सगळे बोल्ट आधी हाताने अर्धे फिरवून घ्या, गार्ड सरळ आला की मगच पान्याने आवळा. एक बाजू आधी पक्की केली तर दुसरीकडचं भोक जुळत नाही, आणि जबरदस्तीने बोल्ट घातला की आटे गेलेच.

आता वायरिंग. इथे मी हात राखून सांगणार नाही, कारण चूक मी स्वतः केली आहे. पहिली जोडी मी हेडलाइटच्या वायरला कापून जोडली होती. पावसाळ्यात रात्री घोडबंदर रोडवर, गायमुखच्या चढावर फ्यूज उडाला आणि फॉग लॅम्पसोबत हेडलाइटही गेला. मागून ट्रेलर येत होते. तेव्हापासून गाडीच्या मूळ वायरिंगला मी वरून बसवलेल्या दिव्यांचा भार देत नाही.

पद्धत अशी. किल्ली काढा आणि बॅटरीची काळी, म्हणजे निगेटिव्ह वायर आधी सोडा. जोडताना ती सगळ्यात शेवटी. लाल वायर आधी सोडायला गेलात आणि पाना चासीला टेकला, तर तिथेच शॉर्ट. मग बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून फ्यूज, फ्यूजमधून रिलेची (बारीक करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) ३० नंबरची पिन, ८७ मधून दिव्यांना. ८६ ला किल्ली चालू केल्यावरच करंट येणारी बारीक वायर स्विचमधून आणा, ८५ अर्थला, म्हणजे चासीला. पाच पिनांचा रिले असेल तर ८७-ए रिकामी ठेवा, नाहीतर किल्ली काढल्यावरही दिवे जळत राहतील.

फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ हवा, कारण तो दिवा नव्हे तर वायर वाचवतो. २० वॉटचे दोन दिवे म्हणजे १२ व्होल्टवर साधारण ३.३ अँपिअर, ५ अँपिअरचा फ्यूज पुरतो. तो उडाला म्हणून १५ चा घालू नका, शॉर्ट कुठे आहे ते शोधा. जुन्या मालकाने मारलेले टेपचे जोड कापून टाका. नुसती टेप उन्हात चिकट होऊन सुटते. जोड सोल्डर करून त्यावर हीट श्रिंक स्लीव्ह, म्हणजे गरम केल्यावर आक्रसून घट्ट बसणारी नळी चढवा.

केबल टाय ओढण्याआधी हँडल दोन्ही टोकांपर्यंत फिरवा. वायर ताणली जाते का, सायलेन्सरला टेकते का, ते बघा.

दिव्यांचा झोत खालीच हवा. संध्याकाळी गाडी भिंतीपासून पाच मीटरवर उभी करा, कोणाला तरी सीटवर बसवा आणि प्रकाशाची वरची कड दिव्याच्या उंचीखाली ठेवा. समोरून येणाऱ्या स्कूटरवाल्याच्या डोळ्यांत तो जाता कामा नये. नियमात न बसणाऱ्या बदलाला मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२-ए नुसार प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड होऊ शकतो, त्यामुळे मोठ्या आवाजाचा जुना सायलेन्सर कोणी स्वस्तात देत असेल तर सरळ नाही म्हणा.

पहिल्या शंभर किलोमीटरनंतर सगळे बोल्ट एकदा पुन्हा आवळा. रंगाच्या नव्या थरावर बसलेला बोल्ट थोडा सैल झालेला सापडतोच.