फ्लॅपच्या आधी एलरॉन

किटचं विमान, म्हणजे सुटे भाग आणून स्वतः जोडायचं विमान, बांधायला घेतलेल्याला फ्लॅप (पंखाच्या मागच्या कडेचा, धडाजवळचा खाली वळणारा भाग) म्हणजे शेवटी उरकायचं काम वाटतं. मलाही तसंच वाटलं होतं. बडोद्यात मकरपुरा जीआयडीसीतल्या शेडमध्ये आम्ही तिघांनी आरव्ही-७ या छोट्या विमानाचं किट उघडलं, तेव्हा मेकॅनिकलचा डिप्लोमा होऊन मला दोन वर्षं झाली होती. शिकवायला दांडिया बाजारातले काका होते. त्यांची सगळी नोकरी विमानांच्या दुरुस्तीत गेलेली.

डावा फ्लॅप मी पंखाच्या पत्र्याकडे बघून बसवला. सरळ दिसला, म्हणून बिजागरीला भोकं पाडून टाकली. आठवड्याने एलरॉन (त्याच्या शेजारचा, पंखाच्या टोकाकडचा, विमान कलवणारा भाग) लावला, तर फ्लॅपची मागची कड त्याच्या कडेपेक्षा ४ मिलिमीटर बाहेर. काकांनी दोन्ही कडांवरून बोट फिरवलं. जोडापाशी ते अडलं.

"कशाशी जुळवलास रे?"

"पंखाशी, काका."

"पंखाशी नाही, एलरॉनशी. तो न्यूट्रलला, म्हणजे वरही नाही नि खालीही नाही असा, बांधला का, हे आधी बघायचं. मग फ्लॅप."

भोकं जरा सरकवून भागेल, असं मला वाटलं होतं. भागत नाही. भोकाच्या मध्यापासून पत्र्याच्या कडेपर्यंत रिव्हेटच्या व्यासाच्या निदान दुप्पट अंतर लागतं, २.४ मिलिमीटरच्या रिव्हेटला ४.८. त्याहून कमी राहिलं तर भोकापासून कडेपर्यंत पत्रा फाटू शकतो. ती बिजागरी टाकून दिली आणि नवी मागवली.

दुसऱ्या वेळेला काकांनी क्रम करून घेतला. पंखाच्या टोकाच्या रिबमध्ये, म्हणजे पंखाला आकार देणाऱ्या आतल्या पत्र्यात, टूलिंग होल (आधीच पाडलेली खुणेची भोकं) असतात. त्यांतून जाणारी रेघ मागे वाढवायची, एलरॉनची मागची कड त्या रेघेवर आणून घट्ट बांधायची. मग सरळ अँगलची पट्टी एलरॉन आणि फ्लॅप दोघांच्या कडांना क्लॅम्प करायची. दोघांमधली फट दोन्ही टोकांना सारखी हवी. आम्ही ६ मिलिमीटर ठेवली, आणि एलरॉन वर-खाली पूर्ण हलवून तो कुठे घासत नाही ना ते पाहिलं. ड्रिल त्यानंतर. आधी दोन्ही टोकं आणि मधलं भोक, प्रत्येकात क्लेको (पत्रे तात्पुरते धरून ठेवणारी पिन), पुन्हा माप, मग बाकीची. प्रत्येक भोकाची बर, म्हणजे कडेला उरलेली धारदार किनार, काढायची. याचा कंटाळा करू नका, रिव्हेट बसल्यावर आत हात जात नाही.

मापं सकाळी घ्या. आमच्या शेडचं शटर पश्चिमेला होतं आणि मे महिन्यात चार वाजता ऊन थेट पंखाच्या वरच्या पत्र्यावर यायचं. दीड मीटर अ‍ॅल्युमिनियम १५ अंशांनी तापलं की साधारण अर्धा मिलिमीटर वाढतं. वरचा पत्रा तापलेला आणि खालचा गार असला की जुळवलेली कड पुन्हा हलते. दुपारी मी तासभर झगडलो, ते सकाळी सात वाजता आपोआप जुळलेलं दिसलं.

या विमानात बिजागरी फ्लॅपच्या खालच्या कडेला असते, त्यामुळे फ्लॅप वर आला की त्याचा वरचा पत्रा पंखाच्या पत्र्याखाली शिरतो. तिथे काका वर्तमानपत्राची पट्टी सरकवून बघायचे. ती हलकी अडत निघाली पाहिजे. फाटली तर पत्रा घासतोय, मोकळी सुटली तर फट जास्त. बिजागरीची पिन आम्ही दोन तुकड्यांत, मधून घातली, कारण एका टोकाला फ्युजलाज, म्हणजे विमानाचं धड, आड येतं आणि दुसऱ्याला एलरॉन. दोन्ही तुकडे मध्ये सेफ्टी वायरने बांधले. नाहीतर थरथरीने पिन सरकते.

सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो दोन्ही बाजू सारख्या करायला. कोन दोघांचाही थोडा चुकला तरी विमान सरळ उडतं. एकाच बाजूचा चुकला की ते एकीकडे झुकतं आणि वैमानिकाला पूर्ण वेळ स्टिक धरून बसावं लागतं. ३० सेंटीमीटर रुंद फ्लॅपला १ अंश म्हणजे मागच्या कडेला ५ मिलिमीटरच्या वर, त्यामुळे डिजिटल अँगल गेज दोन्ही फ्लॅपवर नेमक्या त्याच जागी ठेवायचा. आम्ही पेन्सिलने खूण केली होती. फरक फ्लॅपला ढकलणाऱ्या पुशरॉडच्या रॉड-एंडला (टोकाच्या आट्यांच्या तुकड्याला) अर्धा-अर्धा फेरा देऊन काढला आणि तो फिरू नये म्हणून जॅम नट आवळला.

फ्लॅप हलवणारी मोटर पहिल्यांदा चालवली तेव्हा काका डाव्या फ्लॅपपाशी उभे राहिले, मी उजव्या. दोघांनीही कडेखाली तळहात धरला होता. "थांबला," ते म्हणाले, त्याच क्षणी माझ्याही हाताखालचा थांबला.